ठरवून जमवलेला पॉप ग्रुप इतक्या झटकन का संपतो?

कंपनीने जमवलेल्या पोरांना धड वाजवता येत नाही, म्हणून असे ग्रुप बुडतात, असं तुम्ही प्रश्नात म्हटलंय. मला हे पटत नाही. अमेरिकेच्या 'द मंकीज'चंच बघा. हा ग्रुप मला मनापासून आवडतो, आणि त्याच्यावर हा आरोप जन्मभर झाला.

सप्टेंबर १९६५ मध्ये हॉलिवूडच्या पेपरांत जाहिरात आली: टीव्ही मालिकेसाठी १७ ते २१ वयाची चार वेडी पोरं हवीत. चारशेहून जास्त जण आले. निवडलेल्यांपैकी मिकी डोलेन्झ आणि डेव्ही जोन्स मुळात नट, तर मायकेल नेस्मिथ आणि पीटर टॉर्क आधीपासून गाणारे-वाजवणारे. मिकी ड्रम शिकला तोच या मालिकेसाठी. १९६६ च्या सप्टेंबरमध्ये याच ग्रुपवरची ती मालिका सुरू झाली आणि शाळकरी पोरांनी ग्रुप अक्षरशः डोक्यावर घेतला. नील डायमंडने लिहिलेलं 'आय अ‍ॅम अ बिलीव्हर' अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत सलग सात आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं.

पण गाणी कुठली घ्यायची हे मालिकेचं संगीत सांभाळणारा डॉन कर्शनर ठरवायचा आणि वाजवायला स्टुडिओतले सराईत वादक असायचे. चौघांच्या वाट्याला बहुतेक करून फक्त आवाज. जानेवारी १९६७ मध्ये दुसरा अल्बम त्यांना न विचारताच बाजारात आला. त्यावरून झालेल्या बैठकीत नेस्मिथने रागाच्या भरात हॉटेलच्या भिंतीत ठोसा मारून भोक पाडलं. थोड्याच दिवसांत कर्शनरला जावं लागलं. (पुढे त्याने 'द आर्चीज' काढला. कार्टूनमधला ग्रुप, म्हणजे वाद घालायला कोणी नाही!)

त्यानंतर चौघांनी बहुतांशी स्वतः वाजवून 'हेडक्वार्टर्स' हा अल्बम केला. त्यातलं पहिलं गाणं, 'यू टोल्ड मी', हेडफोन लावून ऐका. टॉर्कचा बँजो सुरुवातीपासून गाणं ओढत नेतो. सफाई कमी आहे, पण चार जण एका खोलीत बसून वाजवतायत हे कळतं. हा अल्बमही पहिल्या क्रमांकावर गेला, पुढच्याच आठवड्यात बीटल्सच्या 'सार्जंट पेपर'ने त्याला खाली ढकललं आणि मग तो अकरा आठवडे दुसऱ्या क्रमांकावर टिकून राहिला. न वाजवता येणाऱ्यांचं हे काम नव्हे.

माझ्या मते त्यांना खाली आणलं ते टीव्हीने. त्यांचा श्रोता आधी प्रेक्षक होता. १९६८ मध्ये मालिका बंद झाली आणि दर आठवड्याला घराघरांत दिसणारे चेहरे दिसेनासे झाले. त्याच वर्षी आलेला त्यांचा 'हेड' हा सिनेमा साफ पडला. लहान पोरांना तो कळेना, आणि मोठी माणसं मंकीजचा सिनेमा बघायला कशाला जातील? मग टॉर्क गेला, नेस्मिथ गेला, आणि १९७० नंतर ग्रुप उरलाच नाही.

१९८६ मध्ये एमटीव्हीने जुने भाग पुन्हा दाखवले, तेव्हा नवी पोरं लगेच वेडी झाली. नेस्मिथ सोडून बाकी तिघे पुन्हा दौऱ्यावर निघाले.