किल्ली खिशात ठेव

निपाणी

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

ट्रॅक्टर आल्याचं तुझ्या आईनं फोनवर सांगितलं. रोटर मारून माती भुसभुशीत करायची कामंही धरलीस म्हणे, तासावर. बरं वाटलं. पूजेचे फोटो बघितले. हार, नारळ, लिंबू-मिरची सगळं जागच्या जागी. पण पीटीओच्या, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागून रोटर फिरवणाऱ्या, शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर काही दिसलं नाही. कुठं टाकलंस?

शाफ्टाच्या सांध्यातल्या क्रॉसला ग्रीस मारताना अडचण होते म्हणून बरेच जण ते काढतात आणि गोठ्यात फेकतात. आता हिशेब कर. तो शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. गळ्यातल्या टॉवेलचं टोक त्यात गेलं तर ‘आई गं’ म्हणायलाही सवड मिळत नाही. ओढून सोडवू म्हणशील, तर तिथं पैलवानाचंही काही चालत नाही. कव्हर परत बसव आणि त्याची साखळी ट्रॅक्टरला अडकव. साखळी नसली की कव्हरही शाफ्टाबरोबर फिरायला लागतं. आणि टॉवेल घरी ठेव, घाम पुसायला रुमाल आहे.

उसाचा खोडवा मोडताना रोटरच्या पात्यांत पाला गुंतणारच. पीटीओची लिव्हर काढली की झालं, असं म्हणून इंजिन चालू ठेवूनच माणसं खाली वाकतात. तसं करू नकोस. इंजिन बंद कर, किल्ली खिशात घाल, शाफ्ट थांबलेला डोळ्यांनी बघ. रोटर उचललेला असेल तर खाली लाकडाचा ओंडका दे, मगच विळा घाल. किल्ली खिशात अशासाठी, की तू खाली असताना कोणी हौशी पोरगा वर चढून बसतो.

मी एकोणीस वर्षांचा असताना गुऱ्हाळावर चरकात ऊस घालायचो. एक कांडं आडवं गेलं, ते सरळ करायला हात पुढं केला. मोटारीचं बटण भिंतीपलीकडं. गडी पळत जाऊन ते दाबेपर्यंत डाव्या हाताची दोन बोटं गेली होती. मालक माणूस वाईट नव्हता. बटण हाताशी असावं, हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. मला वर्षभर ‘नशीब’ ऐकवलं लोकांनी. मला अजून त्याचा राग येतो.

हंगामात ऊस ओढशील तेव्हा ट्रॉलीचे मागचे रिफ्लेक्टर लोंबणाऱ्या उसानं झाकले नाहीत ना, ते उतरून बघ. मडगार्डवर कुणाला बसवू नकोस, भाच्यालाही नाही.

औषध मारायलाही जातोस असं कळलं. आपल्याकडं गडी कन्नड वाचतो, तू मराठी, आणि डब्यावर बारीक इंग्रजी. म्हणून डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग बघायचा: लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा.

आईला एक सांग. दवानं भिजलेल्या तंबाखूत उघड्या हातांनी काम केल्यावर चक्कर, मळमळ, उलटी होते, ते पित्त नव्हे. ओल्या पानातलं निकोटीन कातडीतून अंगात जातं. दव सुकल्यावर रानात जावं, हातमोजे घालावेत, अंगावरचे कपडे भिजले तर बदलावेत.

पुढच्या बाजाराला ट्रॅक्टर घेऊनच ये. कव्हर मोडलं असेल तर नवीन आणू. साखळी मी बसवून देतो, तेवढं आठ बोटांनी जमतं.

तुझा,
काका