डॉक्टरांनी मटण कमी करायला सांगितलंय, त्याऐवजी ‘व्हेज मीट’ चालेल का?

चालेल. पण व्हेज मीट म्हणजे सोया-वाटाण्यासारख्या वनस्पतींपासून केलेलं मांसासारखं खाणं, त्यामुळे पाकिटावर हिरवा ठिपका दिसला म्हणून काळजी मिटली असं समजू नका. तुमचं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, वाढलंय आणि रविवारचं मटण सुटत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मी काही आहारतज्ज्ञ नाही. घरात सासऱ्यांना बीपी आणि नवऱ्याला कोलेस्टेरॉल, त्यामुळे पाकीट उलटं करून वाचायची सवय लागली, एवढंच.

तुमच्या प्रश्नाच्या जवळ जाणारा एक अभ्यास अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात झाला. ख्रिस्तोफर गार्डनर यांच्या गटाने तो 2020 मध्ये प्रसिद्ध केला. 36 जणांनी 8 आठवडे मांस खाल्लं आणि 8 आठवडे बियाँड मीट या कंपनीचे वनस्पतिजन्य प्रकार. बाकीचं जेवण शक्यतो तसंच ठेवलं. व्हेज मीटच्या काळात एलडीएल सरासरी 10 मिलिग्रॅमच्या आसपास कमी भरलं, वजनही किलोभर उतरलं. आता यात माणसं मोजकी, आणि अभ्यासाला पैसे दिले होते बियाँड मीटनेच, तेव्हा चिमूटभर शंका ठेवायला हरकत नाही. तरी निकाल पटण्यासारखा आहे. संतृप्त (सॅच्युरेटेड) चरबी घटली आणि तंतू (फायबर) वाढले की एलडीएल उतरतं, हे आधीपासून माहीत आहे.

मात्र चरबी घटली तर! इम्पॉसिबल बर्गर या दुसऱ्या व्हेज मीटची 2019 ची 113 ग्रॅमची टिक्की घ्या. प्रथिनं 19 ग्रॅम, कोलेस्टेरॉल शून्य. पण खोबरेल तेलामुळे संतृप्त चरबी 8 ग्रॅम, म्हणजे 20 टक्के चरबीच्या बीफ खिम्याइतकीच. मिठातलं सोडियम 370 मिलिग्रॅम. नुसत्या कच्च्या खिम्यात ते 75 च्या आसपास असतं. दिवसाला 2000 मिलिग्रॅमच्या आत राहा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बीपीवाल्या माणसाने दोन टिक्क्या खाल्ल्या की तिसरा हिस्सा तिथेच संपला, लोणचं-पापड वेगळे. (खिम्यात आपण मीठ घालतोच, हेही खरं. पण ते आपल्या हातात असतं.)

आपल्याकडेही फ्रोजन कबाब, नगेट्स आता सहज मिळतात. रितेश-जेनेलिया देशमुखांनीसुद्धा 2021 मध्ये असा ब्रँड काढला. कोणताही घ्या, पण घटकांच्या यादीत पहिली तीन-चार नावं वाचा. सोया किंवा वाटाण्याचं प्रथिन आधी आलं तर ठीक. तेल, मैदा, स्टार्च आधी आले तर तो बटाटावड्याचाच भाऊ. आणि वर तो आपण तळणार!

तुमच्या जागी मी असते तर किराणा दुकानातल्या सोयाबीनच्या वड्या आणल्या असत्या. तेल काढून उरलेल्या सोयाच्या पिठापासून त्या बनतात, म्हणून चरबी जेमतेम. कोरड्या 100 ग्रॅममध्ये प्रथिनं 50 ग्रॅमच्या आसपास. माणशी 40 ग्रॅम कोरड्या घेतल्या तरी 20 ग्रॅम प्रथिनं पोटात जातात. उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा, गार पाण्यात टाका आणि दोन्ही तळहातांत घट्ट पिळा. पाणी बदलून पुन्हा एकदा पिळा. तो उग्र वास त्या पाण्याबरोबरच जातो. लोक इथेच कंटाळा करतात आणि मग चवीला नावं ठेवतात. पुढे तुमचं नेहमीचं मटणाचं वाटण, फक्त खोबरं निम्मं. आणि तर्रीवर लक्ष ठेवा, कारण पिळलेली वडी तेल दाबून पिते.

फणसाची भाजी मटणासारखी लागते, कबूल. पण कच्च्या फणसात प्रथिनं 100 ग्रॅमला दोन-तीन ग्रॅमच. ती भाजी म्हणून खा, मटणाच्या हिशोबात धरू नका.

सोयाने पुरुषांचे हार्मोन बिघडतात, हे व्हॉट्सॅपवर फिरतंच असतं. 2010 आणि 2021 मध्ये अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले गेले. टेस्टोस्टेरॉनवर परिणाम दिसला नाही. थायरॉइडची गोळी चालू असेल तर मात्र सोया आणि गोळी यांत किती अंतर ठेवायचं, ते डॉक्टरांना विचारा, कारण सोयामुळे गोळी नीट शोषली जात नाही. मटणातून मिळणारं बी12 जीवनसत्त्व वडीत नसतं. दूध, दही, अंडी खात असाल तर बहुधा भागेल, नाहीतर लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी) कराल तेव्हा बी12 पण तपासून घ्या.

एक मात्र करू नका. व्हेज मीट येईल ते मटणाच्या जागी येऊ दे, मटकीच्या उसळीच्या जागी नको. आमच्या ओळखीत एका घरी मुलांच्या डब्यातली उसळ गेली आणि नगेट्स आले. पैसे जास्त, मीठ जास्त, आणि मटण आहे तिथेच!