एकटीने, नॅचेझ ट्रेसवर

प्रश्न : लेक अमेरिकेत नॅशव्हिलला असते. तिच्याकडे गेले की एकटीनेच गाडी घेऊन नॅचेझ ट्रेस पार्कवे हा निसर्गरम्य रस्ता करावा म्हणते. इंदूर-महेश्वर नेहमी चालवते. जमेल ना? – एक वाचक, इंदूर

उत्तर : ताई, जरूर जा! जाम घाटाची वळणं घेणाऱ्या हाताला हा रस्ता सोपा आहे. नॅशव्हिलपासून मिसिसिपी राज्यातल्या नॅचेझपर्यंत ४४४ मैल, मालट्रकना बंदी, वेगमर्यादा बहुतेक ठिकाणी ताशी ५० मैल. पार्कवेवर पेट्रोल पंप मात्र नाही. टाकी अर्धी झाली की जवळच्या गावात वळा. मुक्काम वाटेतल्या टुपेलो शहरात.

हा रस्ता ‘नॅचेझ ट्रेस’ या जुन्या पायवाटेच्या मागाने जातो. त्या वाटेचा इतिहास मला फार भावतो. १८००च्या सुमारास ओहायो खोऱ्यातले नावाडी नदीने माल आणत, नॅचेझला मालासोबत नावही लाकडाच्या भावाने विकत आणि याच वाटेने घरी परतत, बहुतेक पायीच. रस्त्याकडेच्या खांबांवरचे मैलांचे आकडे नॅचेझहून सुरू होतात, म्हणजे तुम्हाला उलटे दिसतील. ४१.५ मैलाला गाडी थांबवाच. तिथे पावलांनी झिजलेली जुनी वाट भुसभुशीत मातीत खोल उतरलीय, दोन्ही बाजूंच्या दरडींतून झाडांची मुळं लोंबतात. आत चालून या.

रेंज मधूनमधून जाते. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्या आणि मुक्कामाचा पत्ता लेकीला देऊन ठेवा.