पाहुणे आले की पोरगा आत पळतो

(नाशिकच्या एका आईचं पत्र आलंय. मुलगा 11 वर्षांचा, घरात अखंड बडबड, पण बेल वाजली की बेडरूममध्ये. पोहे आणायला पाठवला तर हात हलवत परत. आजीचा फोन कानाला लावला की गप्प. सासूबाई म्हणतात, तुम्ही वळणच लावलं नाहीत.)

ताई, वळणाचं राहू द्या बाजूला. सायकल शिकवताना आपण महिनाभर मागून सीट धरून पळतो, आणि चारचौघांत बोलणं मात्र पोराला आपोआप यावं असं धरून चालतो, वर सगळ्यांदेखत "दातखीळ बसली का रे" म्हणतो, मग तो पळणार नाही तर काय!

मला सांगा, संक्रांतीला तिळगूळ वाटायला जातो का तो? जात असणार बहुतेक. कारण हातात डबा असतो, वाक्य ठरलेलं असतं, समोरचा काय म्हणणार तेही ठरलेलं, आणि दोन मिनिटात सुटका. दसऱ्याच्या सोन्याचंही तेच. एवढंच रोजच्या गोष्टींत करायचंय.

पोह्यांचंच घ्या. मला वाटतं तो "काका, अर्धा किलो पोहे द्या" एवढं पाठ करून गेला असेल आणि काकांनी विचारलं असेल, "जाडे की पातळ?" झालं, संपला विषय. म्हणजे आपण पहिलं वाक्य शिकवतो पण पुढचा प्रश्न कोणी शिकवतच नाही. घरी दुकान दुकान खेळा, तुम्ही दुकानदार व्हा आणि मुद्दाम अडवा, सुट्टे नाहीत, पोहे संपलेत, कुठल्या कंपनीचे देऊ. आणि एक वाक्य त्याच्या खिशात ठेवाच, "आईला विचारून येतो". अडकलं की हे म्हणायचं आणि निघायचं, त्यात काही कमीपणा नाही. दुपारी गर्दी नसताना पाठवा, सुरुवातीला तुम्ही पायरीशी थांबा, आणि पैसे रोख द्या, क्यूआर कोड असला की स्पीकरच बोलतो सगळं, पोराला तोंड उघडायची गरजच पडत नाही.

पाहुण्यांचं म्हणाल तर कोण येणार, किती वेळ बसणार हे आधी सांगून ठेवा. पाण्याचा ट्रे त्याच्या हातात, "पाणी घ्या" म्हटलं की ड्यूटी संपली, मग जाऊ दे आत. पाया पडायची, पापा घेऊ द्यायची जबरदस्ती नको, लांबून नमस्कार चालतो. आणि नंतर "आज बोलला हो!" म्हणून जाहीर कौतुक तर अजिबात नको, ते न बोलण्याच्या शरमेपेक्षा वाईट.

फोनला स्पीकर लावा आणि त्याने एकच प्रश्न विचारायचा, "आजी, आज जेवायला काय केलंस?" पुढचं आजी बघून घेते.

एक मात्र शाळेत बाईंना विचारून या. घरी एवढा बोलणारा मुलगा वर्गात महिनोन्‌महिने तोंडच उघडत नसेल तर तो हट्ट नसतो, त्यामागे बहुतेक वेळा भीती असते, सिलेक्टिव्ह म्युटिझम म्हणतात त्याला. तसं असेल तर मुलांच्या सायकॉलॉजिस्टला दाखवा, वाट बघत बसू नका.

आणि सासूबाईंना घरच्या तालमीत पाहुणीचा रोल द्या, त्या मस्त करतील. फक्त मार्क किती पडले ते विचारायचं नाही, एवढं आधी कबूल करून घ्या.