सहस्रचंद्रदर्शनाचा अल्बम तीन आठवड्यांत: आधी नावं, मग कात्री

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजींचं सहस्रचंद्रदर्शन तीन आठवड्यांवर आलंय. १२ इंची चौरस स्क्रॅपबुकाची ४० काळी पानं भरायची आहेत. ट्रंकेत जुने फोटो आहेत, फोनमध्ये शेकड्यांनी नवे, आणि क्राफ्टच्या सामानाने कपाटाचे दोन कप्पे भरलेत. नोकरी सांभाळून संध्याकाळचा दीड तास हाताशी आहे, आणि आजींना शेवटपर्यंत पत्ता लागू द्यायचा नाही. सामान कसं लावू, सुरुवात कुठून करू आणि शेवटी पानं लॅमिनेट करू का, असं तुम्ही विचारलंय.

सामानाचं सांगतेच, पण त्याआधी ती पत्ता न लागू देण्याची अट थोडी सैल करा. ट्रंकेतल्या फोटोत वाड्याच्या पायरीवर सात बायका उभ्या असतील, तर त्यातल्या दोन तुमच्या आईला ओळखू येतील. उरलेल्या पाचजणी कोण, हे सांगणारी व्यक्ती आता घरात एकच आहे, आणि अल्बम नेमका तिच्यापासूनच लपवायचा म्हटलं तर ती नावं कायमची गेली. सजावट पुढच्या वर्षीही करता येते. नावं विचारायची संधी तशी थांबून राहत नाही, आणि ८० वर्षांच्या माणसाच्या अल्बमात मला नावाएवढं मोलाचं दुसरं काही वाटत नाही. आजींना एवढंच सांगा की जुने फोटो स्कॅन करून ठेवतेय, कोण कोण आहे ते सांग. अल्बमचं गुपित तसंच राहील.

पहिल्या शनिवारी दुपारी, त्यांची झोप झाल्यावर बसा. एका बैठकीत पंचवीस-तीस फोटोंपेक्षा जास्त नको, त्या थकतात आणि मग "असेल कुणीतरी" असं उत्तर यायला लागतं. प्रत्येक फोटोला क्रमांक द्या. जुन्या कृष्णधवल फोटोच्या पाठीवर मऊ शिसपेन्सिलीने, म्हणजे २बी वगैरेने, अगदी कडेला आणि हलक्या हाताने लिहा. बॉलपेनने कधीच नको, दाब समोरच्या बाजूला उमटतो आणि शाई कालांतराने पसरते. रंगीत फोटोच्या गुळगुळीत पाठीवर पेन्सिल उठत नाही, तो फोटो पाकिटात घालून क्रमांक पाकिटावर टाका. फोटो उलटा करून स्टुडिओचा शिक्का आहे का तेही बघा. गावाचं नाव आणि कधीकधी तारीखसुद्धा तिथेच सापडते. आजींची परवानगी घेऊन फोनवर रेकॉर्डिंग लावून ठेवा. त्या बोलता बोलता एखादं वाक्य सहज टाकतील, "ही साडी माझी नव्हे, जाऊबाईंची नेसले होते", तर पानावर तेच वाक्य जसंच्या तसं जाऊ द्या. आपण रचलेल्या "सोनेरी आठवणी"पेक्षा ते शंभरपटीने बरं. मावशीआजी, आत्याआजी दुसऱ्या गावी असतील तर त्याच शनिवारी क्रमांक घातलेले फोटो पाठवून फोन करा. दुसऱ्यांच्या उत्तरावर अडलेली कामं पहिल्या दोन दिवसांत मार्गी लावायची, कात्री तोवर बाजूला.

आता पानांचा हिशेब. ४० पानं विसरा, २८ धरा. स्क्रॅपबुकात वेळ चिकटवण्यात जात नाही, काय चिकटवायचं ते ठरवण्यात जातो. सगळं ठरलेलं आणि कापलेलं असेल तर एक पान वीस-पंचवीस मिनिटांत होतं. समोर पसारा मांडून "इथे काय बरं दिसेल" म्हणत बसलं तर एकाच पानात अख्खी संध्याकाळ जाते. २८ पानं पंचवीस मिनिटांनी साधारण बारा तास होतात, म्हणजे तुमच्या दीड तासाच्या आठ संध्याकाळी. एवढं तुम्हाला नक्की जमेल. शिवाय ३०० जीएसएमच्या (कागदाच्या जाडीचं माप) जाड काळ्या कागदावर थरावर थर चढले की ४० पानांचा अल्बम फुगून मिटतच नाही.

पानांची वाटणी आयुष्याच्या टप्प्यांनी करा: माहेर, लग्न, सुरुवातीचा संसार, मुलांची शाळा, मुलांची लग्नं, नातवंडं, प्रवास, आताच्या आजी. प्रत्येक टप्प्याला तीनच पानं, एकूण २४. उरलेल्या चारांत एक मुखपृष्ठामागचं, एक वंशावळीचं आणि शेवटची दोन कोरी. कार्यक्रमाच्या दिवशी आलेल्या नातेवाइकांनी त्या कोऱ्या पानांवर दोन ओळी लिहायच्या, सही करायची. जवळ एक पांढरं जेलपेन ठेवायला विसरू नका, काळ्या कागदावर साधं पेन दिसत नाही.

माहेरच्या टप्प्याला बहुधा एखाददुसराच फोटो मिळेल आणि नातवंडांचे सातशे असतील, तरी दोन्हींना पानं तीनच. माहेरची पानं भरायला कागद शोधा: लग्नपत्रिका, शाळेचा दाखला, पोस्टकार्ड, आजींच्या अक्षरातली लोणच्याची कृती. मूळ कागद वापरू नका, रंगीत झेरॉक्स चांगल्या कागदावर काढा. पत्रिकेच्या कोपऱ्यावरचे हळदीकुंकवाचे डागही त्यात उतरतात आणि फार सुंदर दिसतात. नातवंडांच्या सातशेतून मात्र निर्दयपणे निवडा. फोनवर एक वेगळा अल्बम करून पहिल्या फेरीत सत्तर ठेवा, दुसऱ्या दिवशी त्यातून दहा. प्रत्येक नातवंड एकदा तरी आलंय ना, एवढं मात्र शेवटी मोजून बघा. समारंभात प्रत्येक आई आधी तेच शोधते.

प्रिंटबद्दल दोन गोष्टी सांगते, कारण इथे पैसे आणि दिवस दोन्ही वाया जातात. फोनचा फोटो बहुधा ४:३ प्रमाणात असतो आणि लॅबचा नेहमीचा ४×६ इंची प्रिंट ३:२ प्रमाणात. लॅबवाला तसाच टाकतो आणि मागे उभ्या असलेल्या काकांचं डोकं कापलं जातं. यावर सोपा उपाय आहे. ४×६ चा कागद मधोमध कापला की ३×४ चे दोन तुकडे होतात, आणि ते प्रमाण फोनच्या फोटोशी बरोबर जुळतं. फोनवरच्या कोलाजच्या सोयीने दोन उभे फोटो शेजारी शेजारी बसवून एक ४×६ प्रिंट मागवा आणि घरी कापा. प्रिंट अर्ध्या पैशांत होतात आणि पानावर जागाही कमी लागते. जो फोटो मोठाच हवा तो ५×७ करा, पण नातेवाइकांकडून मागवताना "डॉक्युमेंट म्हणून पाठव" असं आवर्जून सांगा. व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या पद्धतीने आलेला फोटो आकाराने कमी होतो. लहान प्रिंटला तो चालतो, मोठ्या प्रिंटला फुटतो. जुना २×३ चा फोटो ६०० डीपीआयने (म्हणजे इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केलात तर दुप्पट आकाराचा प्रिंट स्वच्छ येतो. सगळे प्रिंट मॅट, म्हणजे बिनचमकीचे घ्या. ग्लॉसीवर बोटांचे ठसे उठतात, आणि हा अल्बम शंभर हातांतून फिरणार आहे. पहिल्या रविवारी रात्रीपर्यंत लॅबला ऑर्डर गेलीच पाहिजे, एवढी एक तारीख घट्ट धरा.

तुमच्या आईबाबांच्या लग्नाचे फोटो पारदर्शक प्लॅस्टिकच्या चिकट पानांच्या अल्बममध्ये आहेत, असंही तुम्ही लिहिलंय. त्या पानांचा गोंद वर्षांनुवर्षांत पिवळा पडून कडक होतो. आधी फोटो जागेवर असतानाच स्कॅन करा किंवा उजेडात सरळ वरून फोनने टिपून ठेवा. मग कोपऱ्यातून दात साफ करायचा फ्लॉस किंवा बारीक रेशमी दोरा फोटोखाली सरकवून हळूहळू करवतीसारखा मागेपुढे न्या. सुटला तर छान. अडला तर ओढू नका, कॉपी वापरा. त्या काळातले रंगीत फोटो लालसर झाले असतील, कारण त्यातला निळसर रंग आधी उडतो. स्कॅन केलेल्या प्रतीत रंग थोडा सावरता येतो, म्हणून तिथेही प्रिंटच बरा.

सामानाकडे येऊ. तुम्ही ते प्रकाराने लावलंय: स्टिकर एका डब्यात, वाशी टेप (नक्षीदार कागदी टेप) दुसऱ्यात, कागदातून आकार कापायचे पंच तिसऱ्यात. सामान सांभाळायला हे चांगलं, पण काम उरकायला नाही. प्रत्येक पानाला तीन डबे उघडावे लागतात आणि दर वेळी पुन्हा निवड करावी लागते. या अल्बमपुरते रंग आत्ताच ठरवा. काळ्या पानांवर बदामी क्राफ्ट कागद, एक गडद रंग आणि थोडं सोनेरी, बस. गडद म्हणून मी मरून रंग घेईन, आजींच्या पिढीच्या लग्नाच्या फोटोंशेजारी तो शोभतो. या तीन रंगांत न बसणारं सगळं सामान खोक्यात भरून माळ्यावर टाका आणि कार्यक्रम होईपर्यंत उतरवू नका. गुलाबी फुलपाखरं आणि इंग्रजी "बेस्ट मेमरीज"चे स्टिकर माळ्यावरच शोभतील.

हत्यारं एका ताटात ठेवा, म्हणजे रात्री उचलून फ्रिजवर ठेवता येतात आणि मुलांच्या हाती लागत नाहीत. त्यात स्टीलची पट्टी, नव्या पात्याचा कटर, कात्री, पेन्सिल, खोडरबर, चिमटा, ६ आणि १२ मिलिमीटरचा डबल टेप, फोटो कॉर्नर (फोटोचे कोपरे अडकवायच्या छोट्या कागदी खाचा) आणि पांढरं जेलपेन एवढंच. कटिंग मॅट नसेल तर जाड पुठ्ठा चालतो. पांढरा फेव्हिकॉल फोटोंना लावू नका, त्यातल्या पाण्याने कागद सुरकुततो आणि फोटो वळतो. सेलोटेप तर नकोच, तो पिवळा पडून डाग धरतो. नव्या प्रिंटना डबल टेप, आणि मूळ जुना फोटो लावायचाच असेल तर फक्त फोटो कॉर्नरमध्ये, म्हणजे उद्या कुणालाही तो सुखरूप काढता येईल. कमी पडलेलं सामान एकाच फेरीत आणा. पुण्यात असाल तर अप्पा बळवंत चौकात सगळं मिळतं, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रेहमान स्ट्रीटवर. यादी लिहून न्या आणि यादीबाहेर काही घेऊ नका.

यानंतर करायची ती पाकिटं. शेवटची दोन कोरी पानं सोडून ए४ आकाराची २६ पाकिटं घ्या आणि त्यांवर पान क्रमांक घाला. प्रत्येकात त्या पानाचे फोटो, मजकुराची चिठ्ठी, मागे लावायचा कापलेला कागद आणि सजावटीच्या जास्तीत जास्त दोन वस्तू. पुरण आदल्या रात्री वाटून ठेवलं की सणाच्या सकाळी फक्त पोळ्या लाटायच्या राहतात, तसं हे. चिठ्ठीवर नावं डावीकडून उजवीकडे, गाव, साल आणि आजींचं वाक्य लिहा. साल नक्की नसेल तर "१९६८च्या सुमारास" असं लिहा, अंदाजाने ठाम आकडा टाकू नका. पुढच्या पिढ्या तोच खरा धरून चालतात.

पानांची मांडणी दर वेळी नव्याने सुचवत बसू नका, तीन साचे पुरतात. पहिल्यात एक ५×७ आणि बाकी मजकूर. दुसऱ्यात वर आडवा ४×६, त्याखाली ३×४ चे दोन उभे, बाजूला मजकुराची पट्टी. तिसऱ्यात लहान जुने फोटो चार ते सहा. साचे वर्तमानपत्राच्या कागदावर खऱ्या मापात कापा, पानावर ठेवून कोपऱ्यांना पेन्सिलीचे ठिपके द्या आणि साचा उचला. समोरासमोरच्या दोन पानांना एकच साचा वापरलात तर अल्बम उघडल्यावर नीटनेटका दिसतो.

पहिल्या आठवड्यात नावं, निवड, प्रिंटची ऑर्डर आणि चिठ्ठ्यांचा मजकूर. दुसऱ्या आठवड्यात प्रिंट आले की एका संध्याकाळी सगळं कापा, दुसऱ्या संध्याकाळी पाकिटं भरा आणि चिकटवायला लागा. एकदा कटर हातात घेतला की त्या दिवशी फक्त कापायचं, टेप काढायचा नाही. पहिल्या पानापासून सुरू करू नका. नातवंडांपासून करा, तिथे हात बसेल आणि माहेरची नाजूक पानं सरावलेल्या हातांनी होतील. मजकूर सगळ्या पानांवर एकाच व्यक्तीच्या अक्षरात असू द्या. तिसऱ्या आठवड्याचे शेवटचे दोन दिवस मोकळे ठेवा, कारण कार्यक्रम जवळ आला की एखाद्या काकांना हमखास घरातला अप्रतिम फोटो सापडतो.

लॅमिनेशन अजिबात करू नका. ते उष्णतेने चिकटतं, पुन्हा काढता येत नाही, आणि थर चढवलेल्या पानात हवेचे फुगे राहतात. पानांच्या मध्ये बटर पेपर घाला, जुन्या काळ्या पानांच्या अल्बममध्ये असायचा तसा, म्हणजे फोटो एकमेकांना चिकटणार नाहीत. कार्यक्रम झाल्यावर अल्बम बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका, पावसाळ्यात तिथे ओल येते आणि बुरशी धरते. सिलिका जेलच्या पुड्या सोबत ठेवा, डांबरगोळ्या नकोत. आणि स्कॅन केलेले सगळे फोटो नावांच्या यादीसकट घरातल्या आणखी दोघांच्या फोनवर पाठवून ठेवा, अल्बम बांधायला घेण्याआधीच.