परसातील पाणी: आधी मे महिन्याचा हिशेब

परसात कुंड, कारंजे किंवा लहानसा धबधबा करू इच्छिणाऱ्या वाचकांच्या प्रश्नांपैकी काही येथे घेतले आहेत. बहुतेकांनी आधी आकार आणि दगड ठरवला आहे आणि मग खर्च विचारला आहे. माझा आग्रह असा, की हा क्रम उलटा असावा. मे महिन्यात रोज किती पाणी घालता येईल, महिन्याला किती वीज परवडेल आणि आठवड्याला किती वेळ देता येईल, हे आधी ठरवावे. कुंड केवढे असावे, हे त्यातूनच कळते.

प्रश्न : बंगल्यामागे 12 बाय 15 फुटांची जागा आहे. त्यात 10 बाय 6 फुटांचे, 2 फूट खोल कुंड आणि एक फूट रुंदीचा धबधबा करायचा आहे. कंत्राटदाराने कुंडाच्या पृष्ठभागावर चौरस फुटाचा दर सांगितला. अंदाजपत्रक नेमके कसे करावे? (पुणे)

उत्तर : पृष्ठभागावरचा दर हा सर्वांत फसवा दर असतो, कारण कुंडाचा बहुतेक खर्च पृष्ठभागाखाली होतो. आपल्या कुंडाचा पृष्ठभाग 60 चौरस फूट आहे, पण तळाला आणि भिंतींना अस्तर म्हणून प्लास्टिकचा जाड कागद, म्हणजे शेततळ्याला वापरतात तसा, घालायचा ठरवला, तर त्याची लांबी 10 अधिक दोन वेळा खोली अधिक काठावर दाबण्यासाठी 2 फूट, म्हणजे 16 फूट, आणि रुंदी त्याच हिशेबाने 12 फूट लागते. हे 192 चौरस फूट झाले, म्हणजे पृष्ठभागाच्या तिपटीहून अधिक. खोदाई 120 घनफुटांची आहे. परंतु खोदलेली माती फुगते आणि ती दीड ब्रासच्या, म्हणजे 150 घनफुटांच्या, आसपास भरते. ती बागेतच उंचवट्यासाठी वापरणार की गाडीने बाहेर पाठवणार, हे ठरल्याशिवाय खोदाईचा दर अपुरा आहे, असे समजावे.

पाण्याचे मोजमाप सोपे आहे. लांबी, रुंदी आणि खोली फुटांत घेऊन गुणाकार करावा आणि त्याला 28.3 ने गुणावे, म्हणजे लिटर मिळतात. आपल्या कुंडात सुमारे 3,400 लिटर पाणी मावेल. मासे नसतील, तर एवढे पाणी दोन तासांत एकदा पंपातून फिरले तरी पुरते, म्हणजे ताशी 1,700 लिटर. धबधब्याचे गणित मात्र वेगळे आहे. धार सलग पडद्यासारखी पडावी असे वाटत असेल, तर दर इंच रुंदीला ताशी 400 लिटर तरी हवेत. एक फूट रुंदीला ताशी 4,800 लिटर. कुंडाला जेवढा पंप लागतो, त्याच्या जवळजवळ तिप्पट पंप केवळ या एक फुटासाठी घ्यावा लागतो. समजा तो 100 वॅटचा आहे आणि आपण तो दिवसरात्र चालवला, तर महिन्याला 72 युनिट जळतील. रोज आठ तास चालवला, तर 24. ज्या घरात महिन्याला 100 युनिटांच्या आत वीज लागते, ते घर या 72 युनिटांमुळे बिलाच्या वरच्या टप्प्यात जाऊ शकते, आणि 100 च्या पुढच्या युनिटांचा दर बराच अधिक असतो. म्हणून आपल्या जागी मी असतो, तर धबधब्याची रुंदी चार इंचांवर आणली असती. पाण्याचा आवाज रुंदीवर फारसा अवलंबून नसतो. धार किती उंचीवरून पडते आणि खाली दगडावर पडते की पाण्यात, यावर तो ठरतो.

एकूण रक्कम कितीही असो, तिची वाटणी मी अशी करतो. निम्मी रक्कम न दिसणाऱ्या कामांसाठी: खोदाई, अस्तर, पाइप, वीजजोडणी, आणि कुंड रिकामे करता येईल असा निचऱ्याचा मार्ग. पाव रक्कम दगड, झाडे आणि दिवे यांसाठी. उरलेली पाव रक्कम पहिल्या वर्षासाठी हातात ठेवावी, कारण पहिल्या वर्षात एखादा पाइप बदलावा लागतो, काठाचा एखादा दगड खचतो, किंवा फिल्टर अपुरा पडल्याचे लक्षात येते. दगडाच्या मोहात निचऱ्याचा पाइप वगळलेली कुंडे मी पाहिली आहेत. ती स्वच्छ करायला दरवेळी बादल्या भरून पाणी उपसावे लागते आणि दुसऱ्या वर्षापासून ते काम कोणी करत नाही.

प्रश्न : आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर येतो. अशा ठिकाणी परसात पाणी ठेवण्याचा विचार करणेच चूक आहे का? (लातूर)

उत्तर : 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या शहरातून हा प्रश्न आला आहे, म्हणून त्याचे उत्तर आकड्यांनीच द्यायला हवे. मराठवाड्यात कडक उन्हाळ्यात उघड्या पाण्याची पातळी बाष्पीभवनाने दिवसाला 8 मिलिमीटरने खाली जाते असे धरू. एक चौरस मीटर पृष्ठभागावरून एक मिलिमीटर पाणी जाणे म्हणजे एक लिटर जाणे. वरच्या प्रश्नातील 60 चौरस फुटांचे, म्हणजे साडेपाच चौरस मीटरचे कुंड आपल्याकडे केले, तर रोज सुमारे 45 लिटर आणि महिन्याला साडेतेराशे लिटर केवळ उडून जातील. धबधब्याचे शिंतोडे आणि वारा यांनी जाणारे पाणी त्याहून वेगळे. टँकरच्या पाण्यावर हे करू नये, असे मी स्पष्टपणे सांगेन.

परंतु याचा अर्थ पाणी अजिबात नको, असा नाही. दोन फूट व्यासाच्या दगडी डोणीचा पृष्ठभाग जेमतेम 0.3 चौरस मीटर असतो. तिच्यातून दिवसाला अडीच लिटरही जात नाहीत. आवाज हवा असेल, तर जमिनीत 200 लिटरची टाकी पुरावी, तिच्यावर लोखंडी जाळी आणि जाळीवर नदीतल्या गोट्यांचा थर द्यावा, आणि गोट्यांमधून वर आलेल्या एका दगडाच्या माथ्यावरून पाणी झिरपत परत टाकीत जावे अशी योजना करावी. पाणी गोट्यांच्या सावलीत झाकलेले राहते आणि उघडा भाग फक्त दगडाच्या ओल्या अंगाएवढा उरतो. पंप संध्याकाळी दोन तास चालवला तरी पुरतो. मे महिन्यात टाकी रिकामी करून पंप कोरडा ठेवला, तरीही गोटे आणि दगड आपल्या जागी शोभतात. कोरड्या कुंडाचे तसे होत नाही. ते उदास दिसते.

रोजची तूट भरायला वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणी फार चांगले, कारण त्यात क्षार जवळजवळ नसतात. पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी मात्र येथे वापरू नये. ते आधीच क्षारयुक्त असते; बाष्पीभवनात पाणी जाते आणि क्षार मागे राहतात, त्यामुळे काही आठवड्यांत दगडावर पांढरी पुटे चढतात आणि पंपाचा पंखा अडकू लागतो. कूपनलिकेचे पाणी जड असेल, तर हाच त्रास सावकाश होतो.

प्रश्न : खोक्यावर ताशी 3,000 लिटर लिहिलेला पंप घेतला, पण सहा फूट उंचीच्या दगडावरून पाणी ओघळते एवढेच. पंप सदोष आहे का? (कोल्हापूर)

उत्तर : बहुधा नाही. खोक्यावर दोन आकडे असतात: ताशी लिटर आणि कमाल उंची. ताशी 3,000 लिटर हे पाणी अजिबात वर चढवायचे नसताना मिळतात, आणि कमाल उंचीला पाणी पोहोचते तेव्हा धार शून्य झालेली असते. आपल्या पंपाची कमाल उंची अडीच मीटर असेल, तर सहा फुटांवर, म्हणजे 1.8 मीटरवर, लिहिलेल्या प्रवाहाचा लहानसा अंशच उरणार. त्यात पाइप अर्ध्या इंचाचा आणि दोन-तीन ठिकाणी काटकोनात वळवलेला असेल, तर घर्षणाने आणखी घट होते. आधी पाइप एक इंचाचा करून पाहावा आणि एल्बोऐवजी सावकाश वळण द्यावे. हा खर्च नव्या पंपापेक्षा पुष्कळ कमी आहे. मग वरच्या तोंडाशी 20 लिटरची बादली धरावी. ती एका मिनिटात भरली, तर प्रवाह ताशी 1,200 लिटर आहे. उंची कुंडातल्या पाण्याच्या पातळीपासून मोजतात, पंप ठेवलेल्या तळापासून नव्हे.

उंचीचे हे नाते आपल्या जुन्या स्थापत्यकारांना उत्तम ठाऊक होते. पुण्यात अठराव्या शतकात कात्रजच्या तलावाचे पाणी जमिनीखालच्या नळाने शहरात आणले गेले ते निव्वळ उताराच्या बळावर. गच्चीवरील टाकीतून परसातल्या कारंज्याला पाणी सोडले, तर तेच तत्त्व कामाला येते. मात्र ते पाणी पुन्हा वर चढवावे लागते, म्हणून वीज वाचत नाही.

प्रश्न : आईच्या जुन्या तांब्याच्या घंगाळात पाणी भरून डासांसाठी गप्पी मासे सोडले. सगळे मेले. पाणी तर स्वच्छ होते. (रत्नागिरी)

उत्तर : आपल्याला याचे वाईट वाटले असणार, परंतु दोष पाण्याच्या स्वच्छतेचा नाही, तो तांब्याचा आहे. तांबे पाण्यात अत्यल्प प्रमाणात विरघळते आणि तेवढेही माशांना आणि गोगलगायींना विषारी ठरते. पाणी मृदू असेल, तर परिणाम अधिक तीव्र होतो. घंगाळ फुलांसाठी ठेवावे, मासे मातीच्या, दगडी किंवा सिमेंटच्या भांड्यात सोडावेत. सिमेंट नवे असेल, तर त्यातून चुना सुटून पाणी अल्कधर्मी होते, म्हणून ते तीन-चार वेळा भरून, काही दिवस ठेवून, रिकामे करावे आणि मगच मासे आणावेत. नळाच्या पाण्यातला क्लोरिन उडावा म्हणून ते उघड्या भांड्यात एक दिवस ठेवावे.

घंगाळातले पाणी आठवड्यातून दोनदा बदलावे. डासाला अंड्यापासून उडेपर्यंत उबदार हवेत सात ते दहा दिवस लागतात, त्यामुळे साप्ताहिक सफाई कागदावर पुरेशी वाटते. परंतु डेंग्यू पसरवणारा एडिस डास भांड्याच्या आतल्या भिंतीला पाण्याच्या रेषेलगत अंडी चिकटवतो आणि ती कोरडी पडूनही कित्येक महिने जिवंत राहतात. म्हणून नुसते पाणी ओतून देणे पुरत नाही, भिंत काथ्याने घासावी लागते. आणि एक कळकळीची विनंती: गप्पी मासे वाढले म्हणून ते जवळच्या वहाळात किंवा नदीत सोडू नयेत. ते परदेशातून आलेले मासे आहेत आणि कोकणातल्या वहाळांमध्ये त्यांच्याहून नाजूक असे पुष्कळ स्थानिक जीव राहतात. जलपर्णीचेही तसेच, फूल सुंदर असले तरी ती घरी आणूच नये. कुमुदिनी लावावी. तिला पाच-सहा तास ऊन आणि स्थिर पाणी लागते, म्हणून तिचे भांडे कारंज्याच्या शिंतोड्यांपासून दूर ठेवावे.

प्रश्न : सोसायटीतील आमच्या गच्चीवर एक फूट खोलीचे कुंड बांधता येईल का? (डोंबिवली)

उत्तर : नको. एक फूट पाण्याचे वजन दर चौरस मीटरला सुमारे 305 किलो होते. भारतीय मानकानुसार वापरातील गच्ची दर चौरस मीटरला सुमारे 150 किलो चल भार, म्हणजे माणसे आणि हलवता येणाऱ्या वस्तूंचे वजन, धरून आखतात, म्हणजे सहा इंच पाण्यातच ती मर्यादा संपते, आणि त्यात भांड्याचे, दगडाचे व माणसांचे वजन धरलेले नाही. संरचना अभियंत्याच्या लेखी संमतीशिवाय बांधकाम करू नये. 40 ते 50 लिटरचे एखादे भांडे खांबाजवळ ठेवण्यास सहसा अडचण नसते.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी बांधलेले सिमेंटचे कुंड गळते. दोनदा भेगा बुजवल्या, तरी पाणी कमी होते. आता तोडून नव्याने बांधावे का? घरात चार वर्षांची नात आहे, हेही सांगतो. (अकोला)

उत्तर : तोडण्याआधी गळती खरोखर आहे का, ते पाहावे. पंप बंद करून कुंडात पाण्याच्या पातळीवर खूण करावी, शेजारी तशाच उन्हात पाण्याने भरलेली बादली ठेवून तिच्यातही खूण करावी आणि 24 तासांनी दोन्ही मोजाव्यात. दोन्हीकडची घट जवळजवळ सारखी असेल, तर ते बाष्पीभवन आहे. कुंडातले पाणी अधिक उतरले, तर गळती आहे. पंप चालू असतानाच घट वाढत असेल, तर दोष कुंडात नाही; तो पाइपमध्ये किंवा धबधब्याच्या काठात आहे, आणि तो काढणे स्वस्त आहे.

कुंडच गळत असेल, तर कारण बहुधा जमिनीत आहे. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्यावर मुरमाचा दाबलेला थर न देता ओतलेले काँक्रीट तिच्याबरोबर हलते आणि बुजवलेली भेग पुढच्या ऋतूत पुन्हा उघडते. तोडू नका. कुंड कोरडे करून, टोकदार भाग घासून, आत जाड कापडाचा थर आणि त्यावर अखंड अस्तर घालावे. ते लवचीक असल्याने भिंत थोडी हलली तरी फाटत नाही. अस्तराचे माप वर पुण्याच्या उत्तरात दिले आहे त्याच रीतीने काढावे.

नातीचा उल्लेख आपण शेवटी केला आहे, पण खर्चाच्या यादीत तो पहिला असावा. लहान मूल काही इंच पाण्यातही बुडू शकते. अस्तर घालताना पाण्याच्या पातळीच्या थोडी वर, चारही बाजूंना भिंतीत घट्ट बसवलेली लोखंडी जाळी करून घ्यावी. तिची घरे दोन इंचांपेक्षा मोठी नसावीत आणि तिने एका मोठ्या माणसाचे वजन पेलले पाहिजे, कारण कोणी तोल जाऊन पडलेच तर ते तिच्यावरच पडेल. पंपाच्या जोडणीला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच, बसवून घ्यावा, अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावे आणि पाण्यात हात घालण्यापूर्वी प्लग काढावा. जाळी बसेपर्यंत कुंड रिकामे ठेवावे, आणि पावसाळा तोंडावर असेल, तर निचऱ्याचा पाइप उघडा ठेवावा.