घेऊ का थांबू? एका दोन सिटांच्या गाडीची केस

"घेऊ का थांबू" हा प्रश्न घेऊन माझ्याकडे जळगावात समुपदेशनाला महिन्याला दोन-तीन जण तरी येतात. कोणाचा फ्लॅट असतो, कोणाचं दुसरं मूल, पण मागच्या नोव्हेंबरात एक जण स्पोर्ट्स कार घेऊन आला, म्हणजे गाडी नाही, गाडीचा प्रश्न. (त्याला विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय.)

वय 36, एमआयडीसीत चटईचा कारखाना, बायको, दोन पोरी, आणि वडील, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, ते अजून रोज कारखान्यात चक्कर मारणारे. याला हवी होती एमजीची सायबरस्टर. दोन सिटा, छत उघडणारं, इलेक्ट्रिक, 0 ते 100 फक्त 3.2 सेकंदात (हे त्याने मला पहिल्या पाच मिनिटांत तीनदा सांगितलं). किंमत 75 लाखांच्या आसपास, तेही एक्स-शोरूम, एवढे एकदम गुंतवायचे नाहीत म्हणून लीजवर, म्हणजे ठरलेल्या मुदतीच्या भाड्याने, फर्मच्या नावाने, 48 महिने, महिना 1 लाख 70 हजारांचं कोटेशन खिशात. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत त्याच गाडीचे व्हिडिओ बघत बसायचा, झोप उडालेली, चिडचिड, शेवटी बायकोच म्हणाली की गाडी घ्या नाहीतर डॉक्टर बघा, आणि म्हणून तो माझ्याकडे.

"आताच घ्यायची" याची कारणं त्याच्याकडे तयार होती. सप्टेंबर 2025 ला जीएसटी बदलला, पेट्रोलच्या मोठ्या गाड्यांना 40 टक्के आणि इलेक्ट्रिकला 5च, हे 5 किती दिवस टिकतील सांगा ताई. "थांबायचं" याचीही होती, बॅटरी दरवर्षी सुधारतेय, पीपी दाण्याचा (चटईच्या प्लास्टिकचा) भाव कधी उडी मारेल नेम नाही, चटई विणायच्या लूमच्या लोनचे चार हप्ते बाकी. दोन्ही बाजू अगदी वकिलासारख्या मांडायचा आणि परत तिथेच यायचा. मी मनात म्हटलं, एवढं कळतंय तर अडलंय कुठे.

पैशाच्या बाबतीत मी सल्ला देत नाही, त्याच्या सीएकडे पाठवलं. तिथून तीन गोष्टी घेऊन आला. फर्मने लीज केली तरी अशा गाडीच्या भाड्यावरच्या जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे फर्मच्या जीएसटीतून वजावट, मिळत नाही. भाडं खर्चात टाकायचं तर धंद्यासाठी वापर दाखवावा लागेल, आणि दोन सिटांच्या गाडीत चटईचे गठ्ठे कसे नेणार यावर सीए पोट धरून हसला म्हणे. तिसरी जरा गंभीर, मधेच गाडी परत केली तर उरलेल्या भाड्याचा मोठा हिस्सा भरावा लागणार, वर ठरलेल्या किलोमीटरपेक्षा जास्त चालली तर त्याचे वेगळे. लोक लीजचा हप्ता बघतात, बाहेर पडायचा कलम कोणी वाचत नाही. इथे मात्र मी त्याला शाबासकी दिली, कारण त्याने वाचला.

पण झोप काही येईना.

तिसऱ्या भेटीत मी एवढंच विचारलं, थांबलात तर नक्की कशासाठी थांबणार? लोन फिटेपर्यंत, पोरींची शाळा, काय? बराच वेळ गप्प. मग सायकल निघाली. पाचवीत असताना त्याला रेंजर सायकल पाहिजे होती, तेव्हा घर चोपड्याकडे, कपाशीवर सगळं, अण्णा म्हणायचे "पुढला साल देखसूत", पुढच्या वर्षी बघू. पुढल्या साली बोंडअळी, त्याच्या पुढल्या साली बहिणीचं लग्न. सायकल आलीच नाही, आणि अण्णांनी कधी "नाही" असंही म्हटलं नाही. अण्णांना मी दोष देत नाही हां, कपाशीच्या भरवशावर घर चालवणारा माणूस तारीख कुठून देणार, आपल्या खान्देशात निम्म्या घरांत हेच वाक्य ऐकून पोरं मोठी झालीत.

मग मला कळलं. या माणसाच्या कानात "थांब" म्हणजे "नाही". म्हणून बायको थांबा म्हणाली की त्याच्या आतलं पाचवीतलं पोरगं आत्ताच्या आत्ता पाहिजे म्हणून ओरडतं, आणि 36 वर्षांचा कारखानदार त्याला जीएसटीची कारणं पुरवतो. माझ्या अनुभवात "घेऊ का थांबू" वाल्या बऱ्याच जणांचं असंच असतं, थांबण्याला ना तारीख असते ना अट, मग ते मनाला नकारच वाटणार ना.

म्हणून आम्ही थांबण्याला तारीख दिली. गुढीपाडवा. तोपर्यंत लोनचे हप्ते संपतात. दर महिन्याला 1 लाख 70 हजार वेगळ्या खात्यात, दाणा महाग झाला तरी हात लावायचा नाही. मधे एकदा अशीच खाली बसकी गाडी भाड्याने दोन दिवस घरी आणायची, शोरूमच्या गुळगुळीत रस्त्यावर नाही, आपल्या एमआयडीसीच्या खड्ड्यांतून चालवायची. व्हिडिओ रात्री दहानंतर बंद. आणि पाडव्याला तरी हवीच वाटली तर घ्यायची, कोणी अडवायचं नाही, हे बायकोकडून कबूल करून घेतलं. तिला ते पटलं नव्हतं, माझ्यावर जरा रागावलीच होती, साहजिक आहे.

दुसऱ्या आठवड्यातच त्याची झोप सुधारली. जानेवारीत एकदा खात्यातले पैसे काढावे लागले, दाण्याचं पेमेंट अडकलं होतं, ते आठ दिवसांत परत भरले आणि मला फोन करून सांगितलं, शाळेतल्या पोरासारखं.

पाडव्यानंतर सगळेच आले, अण्णा सुद्धा. घेतोय म्हणाला, पण 48 नाही, 36 महिन्यांची लीज, महिन्याला थोडं जास्त जातंय पण बाहेर पडायचा कलम सीएने बसून सैल करून घेतला. बायकोने फक्त मान हलवली. अण्णा फोनमधला गाडीचा फोटो डोळ्याजवळ नेऊन बघत होते.

"दोनच शिटा? मंग मी कोठे बसू?"

"पुढला साल देखसूत अण्णा," तो म्हणाला, आणि सगळ्यात मोठ्याने अण्णाच हसले.